कच्ची शिलाई

माझ्या नाकावर राग असतो, हे मी नाकारत नाही. आमच्या खोलीत अकरा जण बसतात आणि मी दारातून आत आले की अकराही जण खुर्चीत जरा सरळ होतात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. आमच्या कामात एक आकडा चुकला तर तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात जाते आणि चुकणाऱ्याला त्याचं फारसं काही वाटत नाही. मग वाईट वाटून घ्यायचं काम मी करायची, आणि मोठ्या आवाजात करायची.

काम काय ते सांगते. औषध पेशीच्या आत पोहोचवायचं तर त्याला वेष्टन लागतं. आमचं वेष्टन म्हणजे चरबीच्या रेणूंचा एक गोळा, केसाच्या जाडीत हजार एक ओळीनं मावतील इतका बारीक. त्याच्या पोटात एक संदेश असतो. तो यकृतातल्या पेशींना सांगतो की अमुक एक प्रथिन बनवणं थांबवा. संदेश मोठा नाजूक. यकृतात पोहोचण्याआधीच आवरण सुटलं आणि तो रक्तात सांडला, तर औषध वाया जातंच, पण तेवढ्यावर भागत नाही. शरीराला वाटतं परका जंतू शिरला, आणि ते सगळी ताकद लावून स्वतःवरच उलटतं. पहिली खूण म्हणजे थंडी वाजते. मग ताप चढतो, मग रक्तदाब उतरत जातो, आणि काहींचा तो पुन्हा वर येत नाही.

हा गोळा टिकेल की सुटेल, हे आम्ही आधी संगणकात बघतो. एकेक रेणू मांडायचा, भोवती पाणी भरायचं, रक्तातले क्षार टाकायचे, अंगाइतकी उष्णता द्यायची आणि काय होतं ते मोजायचं. पण थंड मांडलेलं सगळं एकदम तापवलं तर पाण्याच्या धक्क्यानंच गोळा विस्कटतो. म्हणून तापवताना आवरणाचे रेणू जागच्या जागी बांधून ठेवतात. फाइलमध्ये एक ओळ लिहायची, झालं. तापून झालं की ती ओळ काढायची, आवरण मोकळं करायचं, आणि मग खरा हिशेब सुरू. बांधा, तापवा, सोडा. नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाकडून पहिल्या दिवशी मी हे तीन शब्द घोकून घेते. भिंतीवर एक कागद आहे, त्यात दोन रकाने, 'बांधलं' आणि 'सोडलं'. ज्यानं बांधलं त्यानं सोडल्याची सही करायची नाही. दुसऱ्यानं फाइल उघडून बघायची आणि मग करायची. हा नियम माझाच.

गेल्या वर्षी गोळ्यातल्या चार चरबींपैकी एक मिळेनाशी झाली, बनवणाऱ्यानं कारखानाच बंद केला. दुसरीकडे मिळाली ती जवळजवळ तशीच, फक्त तिच्या रेणूची शेपटी जराशी आखूड. प्राण्यांवरच्या सगळ्या चाचण्या जुन्या चरबीवर झालेल्या. पुन्हा करायच्या तर दीड वर्ष जाणार. मग असं ठरलं की नव्या मालाची बाटलीतली मापं घ्यायची, आणि अंगाच्या उष्णतेत काय होईल ते माझ्या खोलीनं हिशेबानं दाखवायचं. दोन्ही ठीक निघालं तर माणसांवरची चाचणी सुरू. बाटलीतली मापं ठीक निघाली, पण बाटली थंड असते. आमचा हिशेब तेवीस दिवस चालला आणि आलेखावर आवरणाच्या घट्टपणाची रेघ अशी सरळ आली की पट्टीनं आखावी. मी खूश. साहेबही खूश. आमच्या साहेबांच्या शर्टाला संध्याकाळी सहालाही सुरकुती नसते, म्हणून खोलीत त्यांना इस्त्री म्हणतात. नाव मीच ठेवलंय.

आता घरातलं. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, खाली थोरले दीर आणि जाऊबाई. मी त्यांना वहिनी म्हणते. वहिनी शिवणकाम करायच्या. पडदे, शाळेचे गणवेश, आणि कोट तर असे की लोक दुसऱ्या गावाहून माप द्यायला यायचे. त्यांच्या माहेरच्या रक्तात एक रोग आहे. यकृत एक वेडंवाकडं प्रथिन बनवतं, ते नसांवर साचतं, पाय बधिर होतात, हात बधिर होतात, आणि शेवटी हृदय. त्यांचे चुलते त्यात गेले, मग वडील गेले. वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं. मी सगळ्यांसमोर वहिनींना म्हटलं की हे रक्तातून येतं, तुम्ही तपासून घ्या, आणि मुलीलाही लग्नाआधी तपासा. मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं तिथेच, कोपऱ्यातल्या बाकावर बसलेली होती. पंधरा दिवसांत लग्न मोडलं. पोरगी दूरच्या शहरात निघून गेली ती सुट्टीलाही येत नाही. वहिनींनी माझ्याशी बोलणं टाकलं.

नऊ वर्षं. एक जिना, एक पाण्याची टाकी, आणि निरोप सगळे माझ्या नवऱ्यामार्फत. "वरच्यांना सांगा टाकी भरली", "खालच्यांना सांगा पत्र आलंय". बिचारा नवरा जिन्यावरच म्हातारा व्हायचा. मला मात्र कायम वाटायचं, मी खोटं काय बोलले होते?

मग वहिनींच्या बोटांना सुई धरवेनाशी झाली. टोचली तरी कळेनाशी झाली. दोन वर्षांत मशीनवर कापड चढलं नाही. आणि आमचं औषध नेमकं त्याच रोगावरचं. इस्पितळानं नावं घ्यायला सुरुवात केली तेव्हा मी फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून नवऱ्याच्या हाती खाली पाठवला. त्यांना घेतलं, पहिल्याच म्हणून घेतलं. माझं नातं मी साहेबांना लेखी कळवून मोकळी झाले. सोमवारी सकाळी दहा वाजता पहिली मात्रा.

त्याच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी नवरा वर येऊन म्हणाला, वहिनीनं तुला खाली बोलावलंय, काय घालणार आहेत ते बघायचंय तिला. नऊ वर्षांनी मी त्या खोलीत गेले. मशीनवर चादर टाकलेली. वहिनी खुर्चीत, हात मांडीवर उलटे ठेवलेले. इस्पितळातलं सगळं त्यांनीच सांगितलं. गोठवलेली बाटली एकदा वितळवली की चार तासांत वापरावी लागते आणि एकेक बाटली बनायला आठवडे लागतात, म्हणून त्यांच्याबरोबर एका राखीव बाईलाही बोलावलंय. ती बस चालवते म्हणे, फार बोलकी आहे. हे मला माहीत होतंच, तरी मी ऐकून घेतलं.

मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला आणि आमच्या तेवीस दिवसांच्या हिशेबाचं चलच्चित्र लावलं. गोळा मधोमध, आत संदेशाची गुंतवळ, बाहेर पाणी. वहिनींनी चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील छान आहे.

"वरचं कापड हलत का नाही गं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ते कापड नाही, आवरण आहे, आणि ते घट्ट आहे, तेच तर हवंय.

"आतलं सगळं वळवळतंय. बाहेरचं पाणी उड्या मारतंय. मधलं तेवढं गप्प. कच्ची शिलाई काढायची राहिली की कोट असाच उभा राहतो. अंगात घातला की कळतं."

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. मी म्हटलं, वहिनी, तुमचे कोट वेगळे आणि हे वेगळं, यात तीस वर्षांचा अभ्यास आहे. त्या म्हणाल्या, असेल. आणि चहा पुढे केला, दोन्ही तळव्यांत कप धरून, कारण बोटांचा भरवसा नव्हता. तो चहा मला संपवता आला नाही.

शुक्रवारी सगळ्यांच्या आधी खोलीत पोहोचले आणि फाइल उघडली. ती ओळ तिथेच होती. बांधून ठेवणारी. तेवीस दिवस आवरण बांधलेलंच होतं, आणि मी त्याच्या घट्टपणाची रेघ काढून जगाला दाखवली होती. मग भिंतीवरच्या कागदाशी गेले. 'बांधलं', माझी सही. 'सोडलं', माझीच सही.

तो दिवस लख्ख आठवला. इस्त्रीसाहेब फोनवर फोन करत होते, हिशेब सुरू झाला का म्हणून. सोडल्याची सही करायची पाळी चिमणीची होती. चिमणी म्हणजे आमच्यातली सगळ्यात नवी मुलगी, आवाज इतका बारीक की मी तिचं तेच नाव पाडलं. ती म्हणत होती, मॅडम, मला फाइल एकदा नीट बघू द्या. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी तिच्या हातातून पेन ओढून घेतलं आणि म्हटलं, तुझं बघून होईपर्यंत लोक मरतील. सगळी खोली ऐकत होती. सही मी ठोकून दिली. नंतर रेघ आली तेव्हाही ती पुटपुटली होती, इतकी सरळ? मी तिच्याकडे नुसतं बघितलं. पुन्हा तिनं काही विचारलं नाही.

चिमणी साडेनऊला आली. मी तिला बोलावून ओळ दाखवली. तिनं वाचली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. 'मी विचारलं होतं', एवढं ती म्हणाली असती तरी मला बरं वाटलं असतं. तिनं खुर्ची ओढली आणि म्हणाली, "मॅडम, सोडून परत लावूया. सगळी यंत्रं मागून घेऊ." दुपारी बाराला आम्ही तो गोळा मोकळा करून पुन्हा चालू केला. तेवीस दिवस हातात नव्हते, तीन होते. तेवढ्यात जे दिसेल ते दिसेल.

साहेबांकडे गेले. ते ऐकताना टेबलावरचे कागद एकावर एक सारखे करत होते. त्यांचं म्हणणं असं की एक ओळ राहिली म्हणजे गोळा सैल आहे असं सिद्ध होत नाही, बाटलीतली मापं उत्तम आहेत, आणि अर्धवट हिशेबावर चाचणी थांबवली तर ती कायमची थांबते, मग या रोगाच्या लोकांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? हे खोटं नव्हतं, म्हणूनच मला राग आला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमच्या घरातली व्यक्ती यादीत आहे. या विषयात तुम्ही बोलणंच बरोबर दिसणार नाही. इस्पितळाशी तर मुळीच नाही. लेखी द्या, मी बघतो."

मी लेखी दिलं. त्यात लिहिलं की बंधनाची ओळ काढायची राहून गेली होती. कुणाकडून राहिली ते लिहिलं नाही. दोन्ही सह्या माझ्या, हे तर नाहीच. इतरांच्या चुका चव्हाट्यावर मांडणारी मी, माझ्या चुकीला मात्र कर्ता ठेवला नाही.

शनिवार गेला. आवरण हलत होतं, पण धरून होतं. मला आशा वाटायला लागली, अगदी नवस बोलण्याइतकी. रविवारी दुपारी दोनला चिमणीनं मला हाक मारली. गोळ्याच्या एका अंगाला, नव्या चरबीच्या आखूड शेपट्या होत्या तिथे, फट पडली होती. तिच्यातून पाणी आत जात होतं. आम्ही दोघी बघत असताना फट रुंदावली आणि संदेशाचं एक टोक बाहेर आलं. चिमणीनं हाताची घडी घातली आणि खिडकीकडे जाऊन उभी राहिली.

मी चित्र साहेबांना पाठवलं, फोन लावला, चार वेळा लावला. उचलला नाही. तासाभरानं दोन ओळींचं उत्तर आलं. पाहिलं, गुरुवारच्या बैठकीत घेऊ. मी स्वतःला सांगितलं की मी कानावर घातलंय, लेखी घातलंय, आता जबाबदारी त्यांची. आणि घरी निघाले, कारण मला एकच माणूस दिसत होतं.

खाली गेले तेव्हा भाऊजी वहिनींची इस्पितळात न्यायची पिशवी भरत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. उद्या घेऊ नका. गोळा सुटतोय. भाऊजींनी टॉवेल पिशवीत आपटला. म्हणाले, लेकीचं लग्न मोडून झालं, आता बायको उरली होती ना? नऊ वर्षं मनात डूख धरून बसलीस आणि आदल्या संध्याकाळी येऊन हे? तुझ्या जिभेला काही हाड? नवरा मध्ये पडायला गेला तर त्यालाही त्यांनी बोटानंच गप्प केलं. मला रडू येत होतं, आणि मला रडू आलं की मी ओरडते. मी ओरडले की चूक माझीच आहे, सही माझी आहे, तुमच्या बायकोनं गुरुवारी बघता क्षणी ओळखलं आणि मी तिला वेड्यात काढलं.

वहिनींनी सगळ्यांना गप्प केलं. त्यांचा आवाज कधी चढत नाही. त्यांनी मला विचारलं, घेतलं नाही तर किती दिवस? मी म्हटलं, दोन वर्षं, कदाचित तीन, शेवटचं वर्ष वाईट. आणि घेतलं तर? मी म्हटलं, कदाचित काहीच होणार नाही. कदाचित सोमवारचा दिवसही सरणार नाही.

"तू मला कधी खोटं सांगितलं नाहीस," त्या म्हणाल्या. "तेच तर मला कधी सहन झालं नाही." सकाळी बघू, म्हणाल्या, आणि भाऊजींना सांगितलं की पिशवी भरा.

सोमवारी मीही त्यांच्या गाडीत बसले, कुणी चल म्हटलं नव्हतं. इस्पितळाचा तिसरा मजला, नवा रंग दिलेली खोली, दोन खाटा, खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत. दुसऱ्या खाटेवर ती बस चालवणारी बाई बसली होती. चाळिशीची, दंडावर कामाच्या गणवेशाची पट्टी, पहाटेची फेरी करून थेट आलेली. तिच्या तळहातांना पट्ट्या होत्या, इंजिनाचं झाकण गरम असलेलं कळलंच नाही म्हणाली, आणि स्वतःच हसली. वहिनींना म्हणाली, तुम्ही आधी, मी आहे आपली राखीव गाडी, डेपोत उभी. परिचारिकेनं बाटली वितळवायला ठेवलेली होती. दहाला पाच कमी असताना ती सुई घेऊन आली तेव्हा वहिनी काठी टेकून उठल्या आणि म्हणाल्या, मला नको, माझा विचार बदलला. कारण विचारलं तर म्हणाल्या, सांगायचं नाही. इतकंच. तो त्यांचा हक्क होता, कुणी अडवलं नाही. कागदावर त्यांनी अंगठ्यानं पेन दाबून धरत सही केली. मला इतकं हलकं वाटलं की लिफ्टमध्ये मी त्यांचा दंड धरला, आणि त्यांनी धरू दिला.

खाली बाकावर बसलो. भाऊजी गाडी आणायला गेले. वहिनी काठीच्या मुठीकडे बघत होत्या.

"ती वितळलेली बाटली आता काय करतात?"

मी म्हटलं, ठेवत नाहीत.

त्यांनी मान वर केली. "तू खोटं बोलत नाहीस ना?"

मग मला सांगावंच लागलं. राखीव बाईला देतात. हे मला गुरुवारपासून माहीत होतं. त्याच्या आधीपासून माहीत होतं. शुक्रवार, शनिवार, रविवार, मी एकदाही तिचा विचार केला नव्हता, किंवा येत असलेला विचार दाराबाहेर उभा ठेवला होता. साहेब बघतील. गुरुवारी बैठक आहे. माझी वहिनी सुटली म्हणजे झालं.

"आणि तू माझा हात धरून खाली आलीस," वहिनी म्हणाल्या. "माझ्या लेकीच्या वेळी पन्नास माणसांत बोललीस. आता वर जा, आणि तशीच बोल."

लिफ्ट वर गेलेली होती. मी जिन्यानं धावले, या वयात, या गुडघ्यांनी. दार ढकललं तर बाटली स्टँडला लटकत होती आणि नळीतून थेंब पडत होता. घड्याळात दहा वाजून एकवीस मिनिटं. परिचारिका म्हणाली, बाहेर थांबा. मी तिला बाजूला सारलं आणि ओरडले. खोली, व्हरांडा, पलीकडचा विभाग, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, की ते बंद करा, ते आवरण अंगात सुटतं, हिशेब खोटा आहे, तो मी केलाय, दोन्ही सह्या माझ्या आहेत, ज्या मुलीनं विचारलं तिला मीच गप्प केलं. डॉक्टर धावत आले. त्यांनी माझ्याकडे ओळखपत्र मागितलं, मी ते गळ्यातून ओढून त्यांच्या हातात कोंबलं. त्यांनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि नळीचा चाप बंद केला.

"किती गेलं?" मी विचारलं. परिचारिकेनं बाटली उजेडात धरली. तिसरा हिस्सा.

मग सगळं फार भराभर आणि फार शांतपणे झालं. औषधांची गाडी आली. छातीला तारा लागल्या. दारात कुणीतरी फोनवर माझ्या साहेबांचं नाव दोनदा उच्चारलं. वहिनी लिफ्टनं वर आल्या, काठी टेकत, आणि कुणी नको म्हणायच्या आत त्या बाईच्या खाटेला लागून बसल्या. तिचा पट्टी बांधलेला हात त्यांनी आपल्या हातात घेतला. दोघींनाही तो स्पर्श कळत नसणार, पण धरून राहिल्या.

ती बाई डॉक्टरांकडे बघत होती, मग माझ्याकडे बघायला लागली. तिला कुणीच काही सांगत नव्हतं. तिनं मला विचारलं, "ताई, म्हणजे नक्की काय झालंय?"

मी तोंड उघडलं. आयुष्यभर ज्या तोंडानं माणसं दुखावली ते तोंड. पहिली खूण काय, दुसरी काय, किती वेळात, सगळं मला पाठ होतं. मी ते तोंड मिटून घेतलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दहा वाजून चव्वेचाळीस मिनिटं.

बाईनं खांदे जवळ घेतले. चादर गळ्यापर्यंत ओढली आणि परिचारिकेला, त्रास दिल्यासारखं वाटू नये अशा बेतानं म्हणाली, "तो पंखा जरा बंद करता का?"

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. पंख्याची पाती स्थिर होती. आम्ही आल्यापासून तो कुणी लावलाच नव्हता. डॉक्टरांचा हात औषधांच्या गाडीकडे गेला. वहिनी काठी टेकून उठल्या, भिंतीपर्यंत गेल्या, बोटांना बटण कळत नाही म्हणून कोपरानं कुठलं तरी एक दाबलं, आणि परत येऊन तिच्याजवळ बसल्या.

"केला हं बंद," त्या म्हणाल्या.